चौथा शिक्का

कामिनोसावा,
८ डिसेंबर

ती. तात्सुएताईंना मिसाओचा नमस्कार.

कालपासून बर्फ धरलंय. तुमच्याकडे सायतामात मात्र ऊन असेल आणि तुम्ही गॅलरीत कपडे वाळत घालत असाल, असं मनाशी धरून लिहितेय. न्हाणीघरात पडलात तो गुडघा आता दुखत नाही ना? नोबुओ आणि सूनबाई मजेत असतील. इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. सगळे म्हणजे किती, ते तुम्हाला ठाऊकच आहे.

तुम्ही जाऊन अठरा दिवस झाले. निघताना गाडीच्या खिडकीतून तुम्ही तीनदा म्हणालात, "फक्त हिवाळ्यापुरतं हं, मिसाओ." नोबुओ पुढे बघत होता. चौथ्यांदा ते ऐकायची त्याची तयारी नाही, हे त्याच्या मानेवरूनच कळत होतं. मी हात हलवला, घरी आले आणि तुम्ही दिलेला तुमच्या नावाचा शिक्का चहाच्या डब्यात ठेवला. उंदीर पोचणार नाहीत अशी माझ्या घरात तेवढीच जागा आहे.

गावाच्या सूचनांची फळी आतापर्यंत दोनदा फिरली. पहिल्या फेरीत बर्फाच्या सूचना होत्या, दुसरीत अस्वलांपासून सावध राहा असं नगरपालिकेचं पत्रक होतं. (अस्वलांनाही एक पत्रक पाठवा म्हणावं, किन्जीपासून सावध राहा म्हणून. परवा त्यानं पुन्हा बंदूक काढली होती.) पत्रक वाचायचं, आपल्या नावापुढे शिक्का मारायचा आणि फळी शेजारच्या घरी द्यायची, एवढंच काम. मी लग्न होऊन इथे आले तेव्हा एकतीस घरं होती. फळी निघाली की नऊ दिवसांनी परत यायची. येताना सोया सॉसचे डाग, कुणाच्या बाळाची लाळ, कुणाच्या भांडणाची बातमी, सगळं घेऊन यायची. माझ्या सासूबाई पत्रक वाचायच्याच नाहीत. नुसते डाग बघून कुणाकडे काय शिजलं ते सांगायच्या.

आता मी सकाळी दहाला फळी घेऊन निघते. आधी हायामी आजोबा-आजींकडे, मग किन्जीकडे, मग तुमच्याकडे. तुमच्या बंद दारासमोर उभी राहून "फळी आलीय हो ताई" असं मोठ्यानं म्हणते, तुमचा शिक्का मारते आणि घरी येते. साडेअकराला फळी माझ्या हातात परत! यंदाही गटप्रमुख मीच आहे. पुढच्या वर्षीही मीच असेन, कारण किन्जी म्हणतो त्याला अक्षरं दिसत नाहीत, आणि हायामी आजोबा म्हणतात त्यांना किन्जी दिसायला नको.

तुमचा शिक्का कशाला लागतो ते तुम्हाला माहीत आहे. तरी लिहिते, कारण मला स्वतःलाच ते पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. शिक्क्यांचा कागद नगरपालिकेत जातो, आणि हिवाळ्यात वर चार घरं नांदती असतील तरच बर्फ काढायचं यंत्र वरपर्यंत येणार, नाहीतर खालच्या पुलावरूनच मागे फिरणार. पुलापासून आपण दोन किलोमीटर वर. हायामी आजींना न्यायला वृद्धांच्या देखभाल केंद्राची गाडी आठवड्यातून तीनदा येते, तिला रस्ता हवा. आजी हल्ली आजोबांनाच विचारतात, "आपण कोणाकडचे?" त्या केंद्रात जातात ते तीन दिवस आजोबांना दुपारी डोळा मिटता येतो. तेवढ्यासाठी तुमचं घर नांदतं आहे. मालकीण जरा बाहेर गेलीय, इतकंच. बाहेर म्हणजे कुठे, हे फळीवर कुणी विचारत नाही.

छपराची काळजी करू नका. किन्जीशी बोलले आहे. बर्फ कमरेएवढं साचलं की तुमच्या छपरावरचं आधी उतरवायचं. घर जुनं, त्यात आत चुलीची ऊब नाही, बर्फ आपणहून सरकणार नाही. मी शब्द दिलाय आणि तो माझ्या लक्षात आहे. मुळ्याच्या लोणच्याचं पिंप पाहून आले. वरचा दगड जागेवर आहे.

गॅलरीत फार वेळ उभ्या राहू नका.

तुमचा शिक्का सांभाळणारी,
मिसाओ

◆

कामिनोसावा,
१९ फेब्रुवारी

ती. तात्सुएताईंना नमस्कार.

उत्तराला फार उशीर झाला. रागावू नका. तुमची दोन्ही पत्रं मिळाली, सूनबाईंनी पाठवलेला केकही मिळाला. किन्जीनं वासावरूनच त्यात रम आहे हे ओळखलं आणि औषध म्हणून अर्धा खाल्ला.

औषध हवंच होतं त्याला. बर्फ यंदा फार झालं, टीव्हीवर तुम्ही पाहिलंच असेल. छपरांचं म्हणाल तर किन्जीनं हायामींचं उतरवलं, माझं उतरवलं, आणि माझ्याच शिडीवरून खाली आला. तीन बरगड्या गेल्या. खोकला आला की शिव्या देतो आणि शिव्या दिल्या की खोकला येतो, असं चाललंय. एकोणसत्तर वर्षांचा माणूस, त्याला आम्ही अजून तरणा म्हणून छपरावर चढवतो.

ह्याच्या आधीची गोष्ट. जानेवारीत सभागृहात आगीचा सराव झाला. किन्जी अग्निशमन दलाचा प्रमुख, जवानही तोच. भोंगा बिघडलेला, म्हणून "ऊऽऽ" करून ओरडलाही तोच. हायामी आजोबा आग विझवणारे, मी जखमी. आजींना प्रेक्षक म्हणून खुर्चीत बसवलं होतं. त्या शांतपणे उठल्या आणि बादलीभर पाणी किन्जीच्या डोक्यावर ओतून आल्या. म्हणाल्या, "एवढा बोंबलतोय, म्हणजे पेटलाच असेल की." दोन दिवस आम्ही हसत होतो. आजोबा हसता हसता रडायला लागले, पण ते आम्ही पाहिलं नाही असं दाखवलं.

तुम्ही विचारलंत, इकडे आता जीव कसा रमतो. ताई, मी त्यावर पुष्कळ विचार केला, बर्फ उपसताना दुसरं काय करणार? गाव संपलं असं कुठल्याच सकाळी कुणी म्हटलं नाही. दुकान बंद झालं तेव्हा आपण म्हणालो, फिरती गाडी येतेच की. गाडी बंद झाली तेव्हा म्हणालो, फोन केला की घरपोच मिळतं. शाळा बंद झाली त्या वर्षी तिथे मूल एकच होतं. त्याला आता दुसऱ्या शाळेत सोबती मिळतील म्हणून आपण सणाचा लाल भात करून वाटला! उत्सवात देवाची पालखी आधी खांद्यावर होती. मग टेम्पोत गेली. आता तर किन्जी पालखीवरचा तो पितळी पक्षी तेवढा मांडीवर घेऊन बसतो, मी टेम्पो चालवते, आणि झाला उत्सव. दर वेळी आपल्याकडे एक चांगलं कारण होतं. ह्याला शहाणपण म्हणायचं की डोळेझाक, मला अजून कळलेलं नाही. सकाळी उठून भात टाकायला ते कळावं लागत नाही, एवढं मात्र खरं.

घराचं विचारलंत. घर बर्फाखाली आहे. सगळ्यांचीच घरं बर्फाखाली आहेत, कुठलं कोणाचं ते ओळखू येत नाही. एवढ्यात तिकडे जाता येत नाही, त्यामुळे जास्त काही लिहिण्यासारखं नाही.

तुमच्या गेलेल्या यजमानांच्या नावाची पाटी मात्र मी देव्हाऱ्यातून काढून माझ्याकडे आणली आहे. थंडी फार, आणि उंदीरही माजलेत. माझ्या यजमानांच्या पाटीशेजारीच ठेवली. शेतातल्या पाण्यावरून दोघांचं पुन्हा जुंपलं असणार. सकाळी भाताची वाटी ठेवताना मी दोघांनाही गप्प बसवते. मुळ्याचं पिंपही ढकलगाडीवर घालून आणलं, दगडासकट. उगीच लांब कशाला.

फळी फिरते आहे. शिक्का मारते आहे.

आता थांबते. हात गारठलेत.

तुमची
मिसाओ

◆

कामिनोसावा,
१३ एप्रिल

ताई,

बर्फ वितळायला लागलंय, ओढ्याकाठी कडू कोंब वर आलेत, तुम्हाला आवडतात ते. तब्येत कशी आहे वगैरे सगळं मी मनात विचारलं असं समजा. आज ते लिहीत बसले तर पुढचं लिहून होणार नाही.

तिकीट काढल्याचं तुमचं पत्र पोचलं. एकोणतीस एप्रिल. ते चार वेळा वाचलं आणि चहाच्या डब्यात तुमच्या शिक्क्यापाशी ठेवलं. नंतर चहा करायचीही हिंमत होईना.

ताई, तुमचं घर पडलं. तीन फेब्रुवारीला, सकाळी. भुतं हाकलायला आपण सोयाबीन फेकतो तो दिवस. मी चुलीवर सोयाबीन भाजत होते. आवाजसुद्धा मोठा झाला नाही. कुणीतरी जड माणूस गादीवर बसावा तसा आवाज आला. बाहेर येऊन पाहिलं तर तुमच्या घराच्या जागी बर्फाचा खड्डा होता. देव्हाऱ्याची खोली तेवढी एका बाजूला उभी होती. मी वाकून आत गेले आणि पाटी घेऊन आले. थंडी आणि उंदीर मी बनवून लिहिलं. माफ करा म्हणायच्या आधी अजून एक सांगायचं आहे.

घर बर्फानं पडलं असं मी नोबुओला सांगू शकले असते. ते खोटंही ठरलं नसतं. पण नुसतं बर्फानं पडलं नाही.

एकतीस जानेवारीला किन्जी हायामींच्या छपरावरून उतरला आणि माझ्या दारात येऊन फावड्यावर टेकून उभा राहिला. म्हणाला, "वहिनी, आज अजून एकच होईल. तुमचं की ताईंचं? लवकर सांगा, खाली बसलो तर उठायचा नाही मी."

माझं छप्पर पत्र्याचं, सहा वर्षांपूर्वीच बदललेलं. आणखी दोन दिवस ते सहज टिकलं असतं. मला ते ठाऊक होतं, ताई. पण आदला दिवसभर डोक्यावरची तुळई कुरकुरत होती आणि मी भ्याले होते. मी म्हणाले, "माझं."

किन्जीनं फावडं खांद्यावर घेतलं. "आणि ताईंचं?"

"ताई तिथे नाहीयेत," मी म्हणाले.

त्याच सकाळी मी तुमच्या दारात उभं राहून फळीवर शिक्का मारला होता, की ताई इथेच आहेत. यंत्र हवं तेव्हा तुम्ही इथे होतात आणि फावडं हवं तेव्हा तुम्ही इथे नव्हतात. हे मला फेब्रुवारीतच कळलं होतं. कागदावर लिहायला एप्रिल उजाडला.

माझ्या छपराचं शेवटचं फावडं टाकून उतरताना किन्जी पडला. मग चढायला कुणीच उरलं नाही. त्यानंतर तीन दिवस मी तुमचं छप्पर खिडकीतून नुसती बघत होते. किन्जीला दोष देऊ नका. तो अजून मला म्हणतो, "मीच विचारायला नको होतं." मला तर वाटतं त्यानं विचारलं नसतं तर मी स्वतः जाऊन हेच सांगितलं असतं.

आणि तरी मी शिक्का मारत राहिले. फळी आली की बूट घालून, तुमचं दार जिथे होतं तिथे जाऊन उभी राहायची. "फळी आलीय हो ताई" म्हणायची तोंडाला सवय लागलेली, ती सुटेना. हायामी आजी केंद्रात जात राहिल्या. यंत्र मार्चपर्यंत येत राहिलं. ते वाईट झालं असं माझ्यानं अजूनही म्हणवत नाही.

एप्रिलच्या सुरुवातीला नगरपालिकेतल्या आइझावाबाई आल्या. खालच्या ओसाड वाडीतली ती मुलगी, जिची आजी फळी द्यायला यायची आणि तुमच्या ओट्यावर तास तास बसायची. आता तिशी ओलांडली तिनं. पुढच्या हिवाळ्याचा अर्ज घेऊन आली होती. चहा घेता घेता खिडकीतून तुमच्या घराच्या दिशेनं बघत म्हणाली, "तात्सुए कुवाबाराबाईंचा शिक्का यंदा फार सरळ पडतोय."

मी तिच्या वाटीत आणखी चहा ओतला.

"लहानपणापासून फळी बघतेय मी, काकू. त्यांचा शिक्का नेहमी डावीकडे कलायचा. ओल्या हातानं, उभ्या उभ्या मारायच्या ना. यंदा अगदी पट्टी लावून मारल्यासारखा."

"मग काय वाकडा मारायला हवा होता मी?" माझ्या तोंडून निघून गेलं.

ती हसली. पण वाटी खाली ठेवून म्हणाली, "मी विचारत नाहीये, काकू. मी फक्त बघितलं. फळी तुमच्या गावाची आहे, तिच्यावर काय मारायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. अर्जावरचा शिक्का मात्र ज्याचा त्यानं मारायचा असतो." आणि बूट घालता घालता, माझ्याकडे न बघता, "आणि आम्ही मोजतो ती चूल, छप्पर नाही. एका छपराखाली दोन चुली असल्या तरी कागदावर त्या दोन घरंच असतात."

चाळीस वर्षं तुमच्या शेजारी राहिले आणि तुमचा शिक्का वाकडा पडतो हे मी कधी पाहिलंच नव्हतं. मला वाटायचं, जितका सरळ मारू तितका खरा वाटेल.

अर्ज सोबत आहे. दोन रकाने आहेत, "राहणार" आणि "राहणार नाही". आमच्या तिघांचे शिक्के पहिल्यात आहेत. चौथी जागा मोकळी आहे. तुमचा शिक्काही पाकिटात घातलाय. मी तो पुन्हा मारणार नाही.

माझी मागची खोली मी झाडून ठेवली आहे. तुमच्या यजमानांची पाटी, पिंप, दगड इथे आहेच. पण ताई, यंत्रासाठी या असं मी म्हणत नाही. यंत्रासाठी तुम्हाला चार महिने वापरलं, तेवढं पुरे झालं. तुमच्यावाचून मला करमत नाही, हे यंत्र आलं नाही तरी खरं आहे. ते पाहून मग काय ते ठरवा. नोबुओला अजून फोन केलेला नाही. आधी तुम्हाला कळायला हवं होतं.

क्षमा मागायला तोंड नाही, म्हणून कागदानं मागते.

मिसाओ

◆

कामिनोसावा,
२२ जून

ती. तात्सुएताईंना नमस्कार.

पाऊस लागून राहिलाय. भाताची लावणी झाली, खालची दोनच खाचरं लावली. वरची गवताला दिली. तुमचा गुडघा ह्या दमट हवेत कुरबुर करत असेल. करू द्या त्याला, चालणं सोडू नका.

तुमचं मे महिन्यातलं पत्र मी देव्हाऱ्यापुढे ठेवलंय, दोघांनी वाचावं म्हणून. "उभ्या घरातून कुणी आपल्या माणसाची पाटी हलवत नसतं, मिसाओ." म्हणजे तुम्हाला फेब्रुवारीतच कळलं होतं! आणि मी इकडे शब्द जपून जपून मांडत बसले. "तू कधी सांगतेस त्याची वाट पाहत होते. तिकीट मी काढलंच नव्हतं. काढलं असं लिहिलं नसतं तर तू बोलली असतीस का?" नसते बोलले, ताई. एवढं मला ओळखता आणि तरीही शिक्का माझ्याकडे ठेवून गेलात.

पुढचं वाक्य मात्र मी किन्जीला दोनदा वाचून दाखवलं. "मीही तुझ्या जागी असते तर माझंच म्हणाले असते. फक्त मी लगेच सांगितलं असतं." रागावलात हे बरं झालं. नुसती माफी मिळाली असती तर मला ती कुठे ठेवावी कळलं नसतं.

अर्ज पाहिला. "राहणार नाही"मध्ये तुमचा शिक्का, डावीकडे चांगला कललेला. खरं सांगू? मी तो अर्ज ओट्यावर बसून तासभर पाहत होते. मग आइझावाबाईंना नेऊन दिला. तीन घरं. पुढच्या हिवाळ्यात यंत्र पुलावरून मागे फिरणार. तिनं शिक्का पाहिला आणि म्हणाली, "हा त्यांचाच."  शिक्क्यावरून अंगठा फिरवला.

त्यावर आमचं असं ठरलंय. डिसेंबर ते मार्च आम्ही चौघं पुलाशेजारच्या जुन्या शिक्षक-निवासात राहायचं. आइझावाबाईंनीच किल्ली मिळवून दिली. केंद्राची गाडी तिथवर येते. बर्फ वितळलं की वर यायचं. हायामी आजोबांनी विचारलं, "म्हणजे किन्जीपण आमच्याबरोबर?" किन्जी म्हणाला, "मग काय मी वर अस्वलांचा गटप्रमुख होऊ?" आजींना बेत फार आवडला. त्यांना वाटतंय आपण शाळेत चाललोय.

ह्या वेळी चांगलं कारण शोधलं नाही. मी सभेत उभी राहिले (सभा म्हणजे तिघं आणि आजी) आणि सरळ म्हणाले, आपण कमी झालोय, म्हणून खाली जातोय. म्हटल्यावर वाटलं होतं कुणी रडेल. आजोबा म्हणाले, "मग पिंपं कशात न्यायची?"

तुमच्या घराची लाकडं किन्जीनं रचून ठेवली आहेत. जाळून ऊब घ्या म्हणालात, तर घेऊ. दाराची चौकट मी जाळणार नाही. ती माझ्या मागच्या खोलीत आहे. ऑगस्टात पितरांच्या दिवसांत तुम्ही याल तेव्हा त्याच खोलीत झोपायचंय, तेव्हा पायाला लागेल, सांगून ठेवते. ह्या वेळी तिकीट खरं काढा.

आता फळीचं. "माझं नाव फळीवरून खोडू नकोस. कागद टपालानं पाठव, मी वाचून शिक्का मारून परत पाठवीन," असं तुम्ही लिहिलंत. वाचून मी हसले होते. शंभर किलोमीटरवर अस्वल दिसलं तर सायतामात तुम्ही काय सावध राहणार? तरी पाठवली. हायामींकडे गेली, किन्जीकडे गेली, तिथून पाकिटात.

काल परत आली. चौथा शिक्का वाकडा होता. आणि अस्वलाच्या चित्रावर, बरोबर नाकापाशी, सोया सॉसचा डाग. सासूबाई असत्या तर सायतामात काय शिजलं होतं ते सांगितलं असतं. मी पुष्कळ वेळ नाकाशी धरून पाहिला, मला काही सांगता आलं नाही.

मग दिवस मोजले. बारा तारखेला निघाली होती, एकवीसला आली. नऊ दिवस, ताई.

शिक्का मारायची कधीच घाई करू नका.

गटप्रमुख, आणि तुमची शेजारीण,
मिसाओ